मदत हवी आहे: उजनीत उन्हाळ्यात गळाला मासा लागेना

करमाळ्याचा_पोर:

नमस्कार मंडळी. प्रश्न मासेमारीचा आहे, पण आधी थोडं घरचं सांगतो, म्हणजे मला नक्की काय हवंय ते कळेल.

आमचे आण्णा एसटीत ड्रायव्हर होते. वय ७३. आता माझ्याकडे हडपसरला असतात. गुडघे दुखतात आणि फ्लॅटमध्ये जीव रमत नाही. गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना एका रविवारी गाडीतून उजनीच्या फुगवट्यावर घेऊन गेलो. आमचं मूळ गाव करमाळ्याच्या बाजूचं, धरणात गेलेलं. लहानपणी आण्णा भीमेत गळ टाकायचे, तो हात अजून तसाच आहे. तेव्हापासून एक रविवार सोडून एक आम्ही जातो. आठवड्यात त्यांना दुसरा विषय नसतो.

फेब्रुवारीपर्यंत छान चाललं होतं. चिलापी हमखास, अधूनमधून सायप्रिनस (कॉमन कार्प). मार्चच्या मध्यापासून मात्र सगळं थांबलं. जागा तीच, एका ओढ्याच्या तोंडाशी, जिथे गाडी जवळ लावता येते. रॉड १२ फुटी, तंगूस (नायलॉनचा दोरा), तरंगाखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली) दोन हात खोल गरी (गळाचा आकडा), आमिषाला गांडूळ किंवा कणीक. पहाटे साडेतीनला निघून साडेपाचला पाण्यावर असतो. पाणी हिरव्या रंगाच्या डब्यासारखं झालंय. परवाच्या रविवारी उजाडताना मासे तोंड वर काढून पाण्याच्या वरच होते, शेकड्याने. गांडूळ त्यांच्या नाकापुढे सोडलं तरी ढुंकून बघेनात. काठाला सात-आठ मेलेलेही होते. आण्णा म्हणाले, "पानी मरतंय रं. आता नको यायला." तेव्हापासून ते गप्प आहेत.

मला पावसाळ्यापर्यंत त्यांचं येणं तुटू द्यायचं नाहीये. जागा बदलू? वेळ बदलू? आमिष? की उन्हाळ्यात उजनीत गळाला मासा लागतच नाही? कृपया सांगा.

जलशाळा:

तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यातच उत्तर आहे. तोंड वर काढलेले मासे चाऱ्यासाठी वर आले नव्हते, श्वासासाठी आले होते. त्या अवस्थेत मासा काहीच खात नाही.

मी महाविद्यालयात मत्स्यशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसात. माशाच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर चढतं आणि तसतसा त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते त्याच दिवसांत साठा घटतो. वरून तुमचं हिरवं पाणी. तो हिरवा रंग शेवाळाचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं, त्यातलं नत्र-स्फुरद या शेवाळाला खत म्हणून मिळतं. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्रभर तेच तो वापरत राहतं. त्यामुळे हिरव्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. तुम्ही साडेतीनला उठून, एवढा प्रवास करून, नेमके दिवसातल्या सगळ्यात वाईट घटकेला तिथे पोचता आहात. पहाटेचा गळ चांगला, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. स्वच्छ पाण्यात ते खरंही आहे, पण अशा उथळ आणि हिरव्या पाण्यात नाही.

तेव्हा पहिला बदल वेळेचा. दुपारी चारनंतर जा आणि अंधार पडायच्या आत आवरा. दिवसभराच्या उन्हाने पाण्यात प्राणवायू भरलेला असतो आणि मासा खायला लागतो.

काठावर मेलेले मासे घरी आणू नका. पाण्यावर हिरवट-निळी साय धरलेली दिसली तर त्यात हातपाय धुऊ नका, सोबत कुत्रं असेल तर त्याला ते पाणी पिऊ देऊ नका. त्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. पकडलेल्या माशाचं काळीज आणि आतडी या दिवसांत काढून टाकलेली बरी.

भीमेचा_भोई:

म्याडम बराबर बोलत्यात. आमी बारमाही याच पाण्यावर हाय, म्हणून जागेचं सांगतो.

दादा, वढ्याचं तोंड सोडा. हिवाळ्यात तितं मासा येतो कारण पानी भरलेलं असतं, काठाला चारा असतो. आता तितं गुडघाभर पानी न मांडीभर गाळ. दुपारी ते पानी हाताला कोमट लागतं. कॅनॉलला आणि नदीला आवर्तन सुटलं की पानी रोज मागं सरकतं. पानी सरकाय लागलं की मोठा मासा काठ सोडतो. तो जातो जुन्या नदीच्या पात्रात. वरनं बघितलं तर सगळं सपाट पानी दिसतं, पर खाली नदी अजून हाय तशीच हाय. आमी चैत-वैशाखात जाळी तितंच लावतो.

आन वाऱ्याकडं बघा. दुपारनंतर पश्चिमेचं वारं सुटतं. लाट ज्या काठाला आपटती त्या काठाला बसा. पानी हललं की त्यात जीव येतो.

आता तुमाला इचारतो. आण्णा त्या गावचंच हायत ना? मग त्येंनाच इचारा की, नदीला डोह कुटं हुता, खडक कुटं, हिरी कुटं. आमच्या वडलांच्या पिढीला हे तोंडपाट हाय, त्यावरच आमचं पोट चालतंय. तुमी आमाला इचारताय न जानकार मानूस तुमच्या घरात बसलाय.

बारीक आसाची (भोकाची) जाळी दिसली तर त्यापास्नं लांब बसा. बोटाएवढी पिल्लं उचलत्यात ती मानसं. वाईट वाटतं, कटला-रोहूचं बी अशानं राह्यलं न्हाय.

रीळवाला:

मी दर उन्हाळ्यात भिगवणच्या बाजूला येतो. भोईदादांच्या सांगण्यात थोडी आकड्यांची भर घालतो. उजनी पूर्ण भरली की पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर असते. बातम्यांत जिला शून्य टक्के म्हणतात ती ४९१.०३ मीटर. म्हणजे १०० टक्क्यांवरून शून्यावर येताना पाणी सहा मीटरही उतरत नाही, पण जमीन सपाट असल्याने काठ कुठल्या कुठे जातो. आणि मायनस झालं म्हणजे धरण रिकामं झालं असं नाही, त्याखाली ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा उरतो. तो मुख्यतः जुन्या नदीच्या आणि तिच्या लगतच्या सखल भागात. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं ते याच दिवसांत. मासा मेलेला नाही, तो दाटीने एका जागी गेलाय. ती जागा सापडली तर उन्हाळा हिवाळ्यापेक्षा चांगला जातो, हा माझा अनुभव.

सामान: तरंग काढून टाका. सरकतं शिसं लावा आणि आमिष तळाला बसवा. गरी लहान ठेवा. गांडुळाला चिलापीची पिल्लंच टोचे मारत राहतील. शेंगदाण्याची पेंड भिजवून त्यात कणीक मळा, लिंबाएवढा गोळा. आधी चार-पाच गोळे गरीशिवाय त्याच जागी फेका आणि अर्धा तास थांबा. सायप्रिनस आणि मृगळ तळ उकरत येतात. कटला वरच्या थरात फिरतो, त्याच्या मागे लागू नका.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पाणी मागे सरकतं तसे शेतकरी मोटारी पुढे नेतात आणि त्यांच्या केबली काठावरून, कधी पाण्यातून, जोड मारून गेलेल्या असतात. त्या ओलांडू नका. आणि वरून वाळून भेगा पडलेला गाळ खाली लोण्यासारखा असतो, मी कमरेपर्यंत रुतलो आहे. आण्णांचे गुडघे दुखतात म्हणता, तर मुरूम किंवा खडक असलेली जागाच निवडा.

करमाळ्याचा_पोर:

सगळ्यांचे मनापासून आभार. भोईदादा, तुमचं वाचून मी तसाच आण्णांच्या खोलीत गेलो आणि विचारलं, आपल्या गावाला नदीचा डोह कुठे होता?

त्यांनी टेबलावरचं लाईटबिल ओढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला नदी काढली. मग नदीचं वळण, वळणाच्या पोटातला डोह, डोहाच्या वरच्या अंगाला धुण्याचा खडक, मळ्यातली विहीर, मारुतीचं देऊळ, आमचं घर. रात्री साडेअकरापर्यंत सांगत होते. गाव उठलं तेव्हा ते पंचविशीत होते. मला हे घर कुठे होतं ते आजवर माहीत नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

नंतर मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा काढून दोघांनी जुळवून पाहिलं. आत्ताचा काठ त्या खडकापासून फार तर शंभर पावलांवर आला असावा. आण्णा म्हणाले, "मुरमाची जागा हाय ती. गाळ न्हाय धरायची."

आता एक विचारायचं आहे. तिथे होडीवाले आहेत. भाड्याने होडी घेऊन सरळ डोहावरच जावं का?

भीमेचा_भोई:

होडी नको. आण्णास्नी घिऊन तर अजिबात नको. वैशाखातलं वारं सांगून येत न्हाय. धा मिनिटांत आभाळ काळं होतं न पुरुषभर लाट उठती. २१ मे २०२४ ला कुगाव आन कळाशीच्या मधी परवासी होडी अशाच वाऱ्यात उलटली, सहा मानसं गेली. आमी त्या पान्यात जन्मलो तरी उत्तरंकडं वीज दिसली की जाळी सोडून काठाला येतो. तुमी काठावरनंच टाका. शंभर पावलं हाय म्हंजी रीळ पोचंल, न्हाय पोचलं तर मासा चाऱ्याच्या वासानं येतोच.

जलशाळा:

आणखी एक विनंती. कटला, रोहू, मृगळ यांची मादी मे-जूनमध्ये अंड्यांनी भरलेली असते. पहिल्या पुराबरोबर नदीत वर चढून ती अंडी घालते. पोट फुगीर आणि मऊ लागलं तर ओल्या हाताने गरी काढा आणि सोडून द्या. पाण्याबाहेर धरून फोटो काढत बसू नका, उन्हाळ्यात तेवढ्यानेही मासा दगावतो. चिलापीला हा नियम लावायची गरज नाही, ती बाहेरून आलेली आहे आणि वर्षातून अनेकदा पिल्लं देते. कमी प्राणवायूत तगते, म्हणून तर या पाण्यात तिचंच राज्य आहे. आणि गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारून घ्या, त्यांचा हक्क आहे.

करमाळ्याचा_पोर:

काल जाऊन आलो. दुपारी एकला निघालो, साडेतीनला पोचलो. आधी गावातल्या संस्थेच्या माणसाला भेटलो. त्यांनी आण्णांना गावाचं नाव विचारलं आणि मग स्वतःच वाट दाखवायला आले.

गाडीपासून दीडशे पावलं चालावं लागलं. आण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून आले, कुठे बसले नाहीत. काठाला मुरूमच होता. खडक पुरता उघडा नाही, वरचा टेबलाएवढा भाग पाण्याबाहेर आहे. आण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "आई इथं धुनं धुवायची."

पेंडीचे गोळे फेकले. पाच वाजेपर्यंत काही नाही, मी मनातून हिरमुसलो होतो. मग वारं आलं, लाट थेट आमच्या काठाला लागली आणि सव्वापाचला गळाला पहिला हिसका बसला. सातपर्यंत चार चिलापी, दीड किलोच्या आसपासचा एक सायप्रिनस आणि एक रोहू. रोहूचं पोट भरलेलं होतं, ती आण्णांनीच सोडली. उत्तरेला आभाळ भरून आलं तसं लगेच आवरलं.

एकच अडचण राहिली. मासा घरी केला, पण कालवणाला मातीचा वास येत होता. आण्णांनी खाल्लं, मुलांनी ताट सरकवलं. याला काही उपाय?

चुलीवरची:

आमच्याकडे उन्हाळ्यातल्या धरणाच्या माशाला नेहमीच हे करतो. कातडी काढायची, पोटातलं काळं आवरण खरवडायचं, पाठीलगतचा गडद पट्टा काढून टाकायचा. तुकड्यांना मीठ-हळद चोळून चिंचेच्या दाट कोळात अर्धा तास ठेवायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं. मग आलं-लसूण, आणि रश्श्यापेक्षा तळलेलाच बरा लागतो.

जलशाळा:

ताई, अगदी योग्य. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. ठरावीक शेवाळं आणि जिवाणू ते तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत मुरतं, म्हणून कातडी आणि गडद मांस काढायचं. आंबटाने ते मोडतं, त्यामुळे चिंच.

भीमेचा_भोई:

आण्णास्नी आमचा रामराम सांगा. खडक अजून हातभर उघडा पडंल, मिरगाआधी एकदा घिऊन या, मी बी येतो. पर दौंडचा विसर्ग (वरनं दौंडहून उजनीत येणारं पानी) वाढल्याची बातमी आली की मग निघू नका. काठ एका रातीत सरकतो न तुमची दीडशे पावलांची वाट पान्याखाली जाती.