दोन वर्षे म्युनिकमध्ये: सह्याद्रीत फिरणाऱ्या मुलीने आल्प्समध्ये सुरुवात कशी करावी?

कोथरूडची_भटकी:
नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये नोकरीच्या निमित्ताने मी दोन वर्षांसाठी म्युनिकला जात आहे. कॉलेजपासून मी सह्याद्रीत फिरते आहे. कात्रज ते सिंहगड ही रात्रीची वाट, राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड या वाटा माझ्या पायाखालच्या आहेत. परदेशात राहण्याची ही संधी केवळ प्रसिद्ध शहरे पाहण्यात जाऊ नये, स्वतःचा कस लागेल असे काही तिथे करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिथे माझ्या ओळखीचे कोणीही नाही आणि जर्मन भाषा मला येत नाही. सह्याद्रीतला अनुभव आल्प्समध्ये कितपत उपयोगी पडतो आणि एकट्या मुलीने नेमकी सुरुवात कुठून करावी? आईला माझ्या जाण्यापेक्षा या बेताचीच जास्त काळजी वाटते आहे.

बाणेरकर:
मी नोकरीनिमित्त काही वर्षे म्युनिकमध्ये राहिलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपला अनुभव निश्चित कामी येईल. पाठीवर ओझे घेऊन दिवसभर चालण्याची सवय आणि दमल्यावरही डोके शांत ठेवण्याची वृत्ती कोणत्याही डोंगरात लागतेच. मात्र आपण सप्टेंबरमध्ये पोहोचत आहात आणि डोंगरात उंचावर मुक्कामासाठी बांधलेले बहुतेक निवारे सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात, ते पुढच्या जूनच्या सुमारासच उघडतात. त्यामुळे पहिला हिवाळा शिकण्यासाठी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोहोचताच डॉइचर आल्पेनफेराइन या संस्थेचे सभासदत्व घ्या. ही गिर्यारोहण संस्था १८६९ मध्ये म्युनिकमध्येच स्थापन झाली आणि शहरात तिच्या मोठ्या शाखा आहेत. सभासदांना निवाऱ्यांत सवलतीच्या दरात झोपायला जागा मिळते, डोंगरातून सुटका करण्याच्या खर्चाचा विमा त्यातच येतो आणि शाखांतर्फे प्रस्तरारोहण, बर्फावरील चाल, हिमस्खलनाचा धोका ओळखणे यांचे वर्ग चालतात. याहूनही मोठा लाभ असा, की ओळखीचे कोणी नसलेल्या माणसाला तिथे दोराच्या दुसऱ्या टोकाला उभा राहणारा जोडीदार भेटतो.

एखाद्या निवाऱ्यात पोहोचलात, की दारातच बूट काढून ठेवावे लागतात, झोपण्यासाठी स्वतःची पातळ खोळ सोबत लागते आणि एका वहीत नाव, आलेली वाट व उद्या जाण्याचे ठिकाण लिहायचे असते. ही वही टाळू नका. कोणी बेपत्ता झाले, तर शोध घेणारे पथक आधी तीच उघडते. (आपण शाकाहारी असाल आणि अंडे चालत असेल, तर चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे अंडे घातलेल्या पिठाच्या जाड शेवया, बऱ्याच ठिकाणी मिळते.) म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियात डोंगरवाटांच्या पाट्यांवर निळी खूण सोप्या, तांबडी मध्यम आणि काळी अवघड वाटेसाठी असते. पहिल्या उन्हाळ्याचा आरंभ निळ्या-तांबड्या वाटांनी करावा. जर्मनीतील सर्वोच्च शिखर त्सुगश्पिट्स २९६२ मीटर उंच आहे. राइनटाल या खोऱ्यातून जाणारी त्याची वाट लांबलचक असली, तरी तांत्रिकदृष्ट्या त्यातल्या त्यात सोपी आहे. ह्योलेनटाल या दुसऱ्या खोऱ्यातील वाटेवर मात्र हिमनदी आणि लोखंडी तारांनी बांधलेले कडे लागतात. ती दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

पेठेतले_काका:
कन्ये, तुझा उत्साह वाचून बरे वाटले. मी अनेक वर्षे तरुण मुलांना सह्याद्रीत नेत आलो आहे, हिमालयातही गेलो आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी आग्रहाने सांगतो. आपले कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर आहे. तिथे अनेक वाटा त्याच्या वरूनच सुरू होतात. दर हजार मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे गावात सुती कपड्यांत फिरणारा माणूस वर गेल्यावर थरथरू लागतो. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह वादळे येतात, म्हणून पहाटे निघून दुपारपूर्वी उघड्या धारेवरून खाली उतरणे हा तिथला शिरस्ता आहे. आपण मे महिन्यात उन्हासाठी लवकर निघतो, तिथे विजेसाठी. जूनमध्येही उत्तरेच्या उतारांवर टणक जुना बर्फ उरलेला असतो, आणि बेसॉल्टच्या कातळावर तयार झालेल्या पायांना घसरण थोपवण्याची ती कला नव्याने शिकावी लागते.

संकटात ११२ हा क्रमांक युरोपभर चालतो. फोन लागत नसेल, तर मिनिटाला सहा वेळा शिटी वा विजेरीचा संकेत द्यावा, मग एक मिनिट थांबून तो पुन्हा द्यावा. प्रवासविम्याच्या कागदपत्रांतील वगळलेल्या बाबी बारकाईने वाच. साहसी खेळ बहुधा तिथेच सापडतात.

आईची काळजी रास्त आहे, तिला उडवून लावू नकोस. निघण्यापूर्वी वाट, परतीची अपेक्षित वेळ आणि त्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे, एवढे तिला लिहून पाठवत जा. साडेतीन-साडेचार तासांचा वेळेचा फरकही तिला समजावून ठेव, म्हणजे रात्री ती उगाच जागणार नाही.

बर्गनहून_मृण्मयी:
ताई, वरच्या दोघांनी डोंगराचे सांगितले, मी एकटेपणाचे सांगते. परक्या देशात पहिल्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, कार्यालयातील लोक घरी जातात आणि शनिवारची सकाळ समोर रिकामी उभी राहते. त्या सकाळी घराबाहेर पडणे हे मला कोणत्याही चढणीपेक्षा कठीण वाटले. म्हणून ठरावीक वाराला भेटणारा कोणता तरी गट धराच, मग तो प्रस्तरारोहणाच्या भिंतीवरचा असो वा धावण्याचा.

सुटीत उत्तरेकडे या. इथे नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानावनातून फिरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे आणि वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर दूर तंबू ठोकता येतो. जर्मनीत तंबूची अशी मोकळीक नाही. इथल्या डोंगरनियमांत वेळेवर माघारी फिरावे, त्यात लाज नाही, असा एक नियमच आहे आणि इथले लोक तो खरोखर पाळतात. एकट्या मुलीने हे करावे का, अशी शंका घरी कोणी काढलीच, तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांचे उदाहरण द्या. इंग्लंडमध्ये शिकत असताना त्यांनी २०१८ मध्ये सायकलवरून सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

कोथरूडची_भटकी:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. जर्मनच्या प्राथमिक वर्गासाठी या आठवड्यातच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी करते, आणि काकांनी सांगितलेला निरोपाचा कागद आईसोबत बसूनच तयार करणार आहे. शेवटची एक शंका: बूट इथून घेऊन जावेत की तिथे घ्यावेत?

बाणेरकर:
तिथेच घ्या. बर्फाळ उतारासाठी टणक तळव्याचे बूट लागतात आणि ते पायात घालून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून दुकानात जा. बहुतेक ठिकाणी चालून पाहण्यासाठी छोटा उतार केलेला असतो, त्यावरून खाली उतरताना अंगठा पुढे टेकला तर एक माप मोठे मागा.