सीझनआधी क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) नक्की कसा ठरवतात?

मिशिगनकर: मुलगा अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकतो म्हणून मीपण कॉलेज फुटबॉल बघायला लागलो, पण २०२२ ला मिशिगनचा तेव्हाचा कोच हार्बॉने क्वार्टरबॅक म्हणून मॅकनमारा पहिल्या मॅचला आणि मॅकार्थी दुसऱ्या मॅचला असं का केलं? आधीच्या वर्षी बिग टेन (मिशिगनची लीग) जिंकून देणाऱ्याची परत परीक्षा कशाला?

थर्डअँडलाँग: अहो प्रॅक्टिसमध्ये क्यूबीला (क्वार्टरबॅकला) कोणी पाडतच नाही, वेगळ्या रंगाची जर्सी असते, हात लावायचा नाही. मग चार जण अंगावर धावून आल्यावर पोरगा काय करतो ते कळणार कसं? म्हणून खरी मॅच. मॅकार्थीने हवाईविरुद्ध १२ पैकी ११ पास पूर्ण केले, विषय संपला. हवाईची टीम कच्ची होती म्हणा.

काकू_अटलांटा: नुसता हात बघू नका हो, चुकीचे थ्रो किती टाकतो ते बघा. आणि दुसऱ्या नंबरचा क्यूबी सांभाळून ठेवा!! २०१८ च्या जानेवारीत अलाबामाने फायनलला हाफटाइमला क्यूबी हर्ट्सला बसवून दुसऱ्या नंबरच्या टुआला आणलं, जिंकले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात टुआ जखमी झाल्यावर हर्ट्सनेच येऊन आमच्या जॉर्जियाला हरवलं. आमच्या घरी दोन दिवस कोणी धड जेवलं नाही.

मिशिगनकर: हर्ट्स थांबला, मॅकनमारा मात्र आयोवाला गेला ना..