कल्चर रूममधलं प्लॅस्टिक: काचेकडे परत जायचं का?

पेशी_आणि_मी
लॅबच्या कल्चर रूममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीत, टी-७५ फ्लास्कमधल्या (प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीतल्या) पेशी एकदा पासेज करताना, म्हणजे सोडवून नव्या फ्लास्कमध्ये वाटताना, काय काय फेकते, ते काल मोजलं. जुनं मीडियम (पेशींचं पोषक द्रव) काढायला एक पिपेट, पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) धुवायला दुसरी, ट्रिप्सिनला (पेशी तळापासून सोडवणाऱ्या एन्झाइमला) तिसरी, नवं मीडियम घालायला चौथी. वर सेंट्रिफ्यूज ट्यूब, मायक्रोपिपेटच्या टिपा (प्लॅस्टिकची टोकं) आणि खुद्द फ्लास्क. प्रत्येक पिपेटचं वेष्टन वेगळं. असे सहा फ्लास्क, आठवड्यातून तीनदा.

एक्झिटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली 'नेचर'मध्ये पत्र लिहून आपल्याच विभागाचा हिशेब मांडला होता: २८० संशोधक, २०१४ या एका वर्षात सुमारे २६७ टन प्लॅस्टिक. माणशी साडेनऊशे किलो! मंडईत कापडी पिशवी घेऊन जाणारी मी, हूडपुढे (निर्जंतुक हवेच्या कपाटापुढे) बसले की हे सगळं विसरते. माझं मत: मीडियम आणि पीबीएससाठी काचेच्या पिपेट्स परत आणाव्यात.

गढूळ_मीडियम
असहमत. मायकोप्लाझ्मा, म्हणजे कल्चरमध्ये शिरणारे अतिसूक्ष्म जीवाणू, मी भोगलाय. मीडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिन चालत नाही. पीसीआरमध्ये (डीएनए शोधणाऱ्या चाचणीत) सापडला तोवर चार महिन्यांचं काम वाया गेलं होतं. सगळ्या लाइन (एकाच मुळापासून वाढवत आणलेल्या पेशी) टाकल्या, उघडलेली प्रत्येक बाटली, प्रत्येक पाकीट फेकलं. निर्जंतुकतेत तडजोड केली की कचरा वाढतोच.

जुना_तंत्रज्ञ
पण मायकोप्लाझ्मा काचेतून येत नाही हो. तो येतो न तपासता मागवलेल्या पेशींबरोबर, नाहीतर आपल्याच तोंडातून. कोरड्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर दोन तास ठेवलेल्या पिपेटमध्ये काही जगत नाही. १९५१ मध्ये हेला पेशी (माणसाच्या पेशींची पहिली अमर लाइन) काचेच्या नळ्यांतच वाढल्या. आम्हीही पिपेटच्या तोंडात कापूस भरून ॲल्युमिनियमच्या डब्यात लावायचो. डिटर्जंटचा अंश राहिला तर पेशी मरतात, हे खरं. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्यात आणि मन लावून व्हायला हवं.

नर्मदा_क
आणि ते मन लावून कोण करणार? माझे वडील एका लॅबमध्ये काचसामान धुवायचे. क्रोमिक ॲसिडने बोटांना भेगा पडायच्या, घरी आल्यावर वरणभातसुद्धा चमच्याने खायचे. सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आज काच परत आणलीत तर ते काम कंत्राटी मावशींवर पडेल. पर्यावरणाच्या हिशेबात त्यांचे हातही धरा.

जुना_तंत्रज्ञ
ताई, बरोबर आहे तुमचं. क्रोमिक ॲसिड मीही वापरलंय, ते परत येऊच नये. सौम्य डिटर्जंटवर काम भागतं, पण धुणाऱ्याला हातमोजे आणि पूर्ण पगार नसेल तर काच नकोच.

नियम_वाचा
काच की प्लॅस्टिक या वादात एक गोष्ट सुटतेय. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पेशी-कल्चर आणि त्यासाठी वापरलेल्या डिश पिवळ्या वर्गात येतात: आधी जागेवर निर्जंतुक करायच्या, मग भट्टीत. लाल पिशवीतलं प्लॅस्टिक निदान ऑटोक्लेव्ह होऊन (दाबाच्या वाफेत निर्जंतुक होऊन), तुकडे होऊन पुनर्वापराला जातं. फ्लास्कला ती वाट नाही. म्हणजे जे वाचवायचं ते वापरण्याआधीच. आणि वेष्टनं, टिपांचे रिकामे रॅक, ट्यूबांचे थर्माकोल ट्रे? पेशींना ते शिवलेलेच नसतात. हूडशेजारी पिशवी एकच असते, म्हणून तेही जळतात. मला याचा सगळ्यात जास्त राग येतो.

पेशी_आणि_मी
नर्मदाताई, काचेचा आग्रह मागे घेते. वडिलांबद्दल वाचून गप्प झाले.
पण मग असं केलं तर? एकाच लाइनचे सहा फ्लास्क असतील आणि पिपेट कशालाही टेकवायची नसेल, तर नवं मीडियम घालायला सहांत मिळून एकच पिपेट. पाच वाचतात, धुणं शून्य.

गढूळ_मीडियम
एकाच लाइनला चालेल. टेकली की लगेच बदलायची. दुसरी लाइन आली की नवी पिपेट, मीडियमची बाटलीही वेगळी, नाहीतर हेलासारखी भरभर वाढणारी लाइन दुसरीत कधी शिरेल कळणारही नाही. आणि दर महिन्याला मायकोप्लाझ्माचा पीसीआर. एवढं पाळणार असाल तर माझा विरोध नाही.

पेशी_आणि_मी
पाळते. पहिला पीसीआर सोमवारी लावतेय. वेष्टनं आणि रॅकसाठी हूडबाहेर वेगळा खोका आजच ठेवला.