अनुभव धागा: करायचंय तर मनापासून, पण बसवतच नाही

मी भाषांतरं करते. दुसऱ्याचा मजकूर असला की ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशी पाठवून मोकळी. स्वतःची कथा मात्र चार वर्षं 'नवी कथा शेवटची २' नावाच्या फाइलमध्ये पडून आहे. रविवारी फाइल उघडते, पहिला परिच्छेद वाचते, अक्षरांचा आकार बदलून बघते. मग आठवतं की कपाटाचा तिसरा खण आवरायचा राहिलाय. (माझे खण इतके नीटनेटके का, हे त्या कथेला विचारा.)

आळस म्हणावा तर खण आवरायला तीन तास उकिडवी बसले होते. वेळ नाही म्हणावं तर तेही खोटं. माझा संशय असा की गोष्ट जितकी आपली, तितकं मन जास्त अडून बसतं. भाषांतर बिघडलं तर दुरुस्त करून देता येतं. कथा बिघडली तर कुणाला तोंड दाखवायचं?

तुमचं काय? उपदेश नको, घडलेलं सांगा. फसलेलं असेल तर आवर्जून.

*

पळणं. बूट दोन वर्षं खोक्यात. मग जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये तयार केलेलं, कधीच न पळालेल्यांना पळायला लावणारं नऊ आठवड्यांचं वेळापत्रक ('काउच टू ५के') हाती लागलं. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. साठ सेकंदांना नाही म्हणायला काही सबबच सुचेना. नवाचे माझे सतरा आठवडे झाले, पण झाले.

*

व्हायोलिन. अकरा वर्षं शिकले, मग नोकरी, मग मुली, मग 'आता कुठे'. पेटी पलंगाखाली. केर काढताना झाडू तिला लागला की पोटात कालवायचं, आणि मी ती आणखी आत सरकवायचे.

गेल्या वर्षी धाकटीने ती ओढून बाहेर काढली. एक तार तुटून वेटोळं झालेली, राळेचा खडा चिरलेला, गजाचे केस लोंबत होते. तार बदलायला मला तीन आठवडे वेळच 'मिळेना'. दुरुस्तीला असे किती कष्ट? धास्ती होती ती नंतर काय ऐकू येईल याची. बोटं सगळं विसरली होती आणि कान काहीच विसरले नव्हते. हे फार वाईट असतं. नवशिक्याला निदान आपण किती बेसूर आहोत ते कळत तरी नाही.

शेवटी दार लावून घेतलं आणि गज टेकवला. बिजागरी करकरावी तसा आवाज. मी खाली ठेवणारच होते, तर दाराबाहेरून धाकटी, "आई, परत कर ना तसं!"

आता पेटी खुर्चीवर उघडी असते. (जाणकारांनी रागावू नये, धूळ बसते हे मला माहीत आहे.) काढायची, उघडायची, एवढंही मध्ये उरलं नाही की हात जातो. रोज नाही. जातो तेव्हा दहा मिनिटं.

*

मी जरा उलटं सांगतो. माझी पीएचडी सहा वर्षं रखडली. भीती असेल, परिपूर्णतेचा हट्ट असेल, सगळी निदानं करून झाली. एकदा माझ्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "उद्या नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं तर?" माझ्या तोंडून निघालं, "सुटलो." त्यानंतर दोन महिन्यांत सोडली. व्हायोलिनवाल्या ताईंच्या पोटात कालवायचं. मला प्रबंधाचं खोकं दिसलं की नुसती जांभई यायची. मी सहा वर्षं नावडीलाच भीती समजत होतो.

*

इथे अजून कुणी '२१ दिवसांत सवय लागते' हा विषय काढला नाही, आभार! रोज एक रेखाचित्र काढायचं म्हणून मी ते तीनदा केलं. एक दिवस चुकला की वही बंद. मग फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० चा लंडनमधला अभ्यास वाचला. ९६ जण, १२ आठवडे. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, पण माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत (१२ आठवड्यांपुढचे आकडे अर्थातच गणिताने काढलेले अंदाज). त्याही जेवताना फळ खाणं, पाणी पिणं असल्या साध्या सवयी. चित्रांना किती लागतील देव जाणे. पण मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं होतं. ते वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलंय. वहीत सध्या एकशे चाळीस चित्रं आणि बऱ्याच कोऱ्या तारखा आहेत.

*

माझी काही यशोगाथा नाही. पोहायला शिकायचंय. तलावाच्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन आले. वाचतेय सगळ्यांचं.

*

फाटकवाल्या ताई, तिसऱ्यांदा गेलात तर नक्की लिहा. आत नाही गेलात तरी.

माझं सांगते. फाइलचं नाव बदलून 'बिघडवायची कथा' केलं. आज सकाळी दहा मिनिटांचा गजर लावून बसले. चौथ्या मिनिटाला खण आठवला, उठून तो अर्धा ओढलाही, आणि परत येऊन बसले. तीन ओळी झाल्या. मधली अगदीच टाकाऊ आहे. खण अजून तसाच अर्धा उघडा आहे.