तिसरी बॅटरी जोडली तर रात्रभर चालेल का? मदत हवी आहे (लवकर!)

अंधारयात्री:
घराला वीजजोडणी नाही, सगळं सोलर आणि इन्व्हर्टरवर. 150 एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे किती वीज मावते ते) दोन ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या आहेत. हल्ली दिवेलागणीनंतर तीन तास होत नाहीत तोच इन्व्हर्टर बीप करत बंद पडतो. उद्या तिसरी बॅटरी आणतोय. 150ची घेऊ की 200ची? एवढंच सांगा, आकडेमोड नको.

खिळा_हातोडा:
लोड किती? बॅटऱ्या सिरीजमध्ये (व्होल्ट वाढतो) की पॅरललमध्ये (एएच वाढतो)? किती जुन्या? पॅनेल किती वॅटचं?

निवांत_काका:
200ची घ्या. मोठी बॅटरी कधीही बरी. आणि लाकडी फळीवर ठेवा, फरशीवर ठेवली की आपोआप उतरते.

सल्फर:
काका, ती गोष्ट जुन्या रबरी डब्यांच्या काळातली. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशी काही करत नाही.
धागाकर्ते, जुन्या बॅटरीसोबत नवी जोडू नका. नवीही लवकरच जुनीच्या पंगतीला बसते.

अंधारयात्री:
लोड नेहमीचाच. दोन पंखे, दिवे, टीव्ही, राउटर. बॅटऱ्या तीन वर्षांच्या. इन्व्हर्टर 24 व्होल्टचा. सिरीज-पॅरललचं मला विचारू नका, बसवणाऱ्याने जोडलंय.

खिळा_हातोडा:
अहो, 24 व्होल्ट म्हणजे 12-12 व्होल्टच्या दोन्ही सिरीजमध्येच. तिथे तिसरी एकटी जोडताच येत नाही, वाढवायची तर जोडीनेच. पैसे देण्याआधी विचारलंत ते बरं. आता पॅनेल सांगा.

लिथियमवाला:
कशाला डोकं लावताय? लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. लेड अ‍ॅसिड निम्मीच वापरायची, ही 80-90 टक्के वापरा. पाणी घालायची कटकट नाही. मी बदलली आणि विसरलो.

सल्फर:
चार्जरचं सेटिंग बदललंत ना? लेड अ‍ॅसिडचं इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायला दिलेला जास्त व्होल्टचा चार्ज) चालू राहिलं तर बीएमएसच (लिथियम बॅटरीतलं संरक्षक सर्किट) बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा संच, तोडेल. शिवाय त्यांनी बॅटरीचा प्रकार विचारलेलाच नाही.

लिथियमवाला:
त्यांनी विचारलं नाही म्हणून चांगलं सांगू नये का?

अंधारयात्री:
पॅनेल 165 वॅटची दोन. चार्जिंग फुल होतं, चार्ज कंट्रोलरवर (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला डबा) हिरवा दिवा असतो. फ्रीजही आहे, पण छोटा आहे आणि नुकताच घेतलाय, म्हणून लिहिला नाही.

खिळा_हातोडा:
फ्रीज! तोच तर चोवीस तास खातो. आकडेमोड नको म्हणालात, तरी करतो.
खर्च: फ्रीज दिवसाला साधारण 1 युनिट. 70 वॅटचे दोन पंखे आठ तास म्हणजे 1.1. बाकीचं 0.4. झाले 2.5. त्यावर इन्व्हर्टरची घट 10-15 टक्के, आणि नुसता चालू राहायलाच तो 25 वॅट खात असेल तर चोवीस तासांचे 0.6. एकूण साडेतीन युनिट.
जमा: 330 वॅट, साडेचार तास चांगलं ऊन, गरमी-धूळ-वायरिंगची घट धरून 70 टक्के हातात. जेमतेम एक युनिट.
बँक तीनपट केली तरी आत एकच युनिट जाणार. हिरवा दिवा बऱ्याच कंट्रोलरवर फक्त 'चार्जिंग चालू' एवढंच सांगतो. तुमच्या बॅटऱ्या फ्रीज आल्यापासून अर्धपोटी आहेत.

सल्फर:
+१. अर्धपोटी ठेवलेल्या लेड अ‍ॅसिडमध्ये प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची जाते. पॅनेल लावण्याआधी हायड्रोमीटरने (बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजायचं साधन) प्रत्येक सेल तपासा. फुल चार्जचा आकडा बॅटरीवर किंवा माहितीपत्रकात असतो, बहुतेक 1.24 ते 1.28.

खिळा_हातोडा:
सगळा खर्च उन्हावर भागवायचा तर 1100 वॅट पॅनेल लागेल.

सल्फर:
आणि ते भर उन्हात 40 अँपिअर देणार. 150 एएचच्या बँकेला 15 ते 20 पुरे, तुम्ही तिला शिजवणार.

खिळा_हातोडा:
कंट्रोलरला करंटची मर्यादा लावता येते. शिवाय दिवसा फ्रीज आणि पंखे त्यातलंच खाणार.

सल्फर:
सगळ्या कंट्रोलरना नाही येत. आणि मर्यादा लावली तर उरलेलं ऊन वायाच ना? आधी खर्च कमी करा. 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे लावले की पाऊण युनिटच्या आसपास इथेच वाचतं, मग 800-900 वॅटमध्ये भागेल.

निवांत_काका:
आमच्या वेळी पंखाच नव्हता.
अवांतर: कारची जुनी बॅटरी पडून आहे, ती जोडता येईल का?

सल्फर:
नको काका. ती स्टार्टरला क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली. रोज खोलवर उतरवली तर थोड्याच दिवसांत बसेल.

अंधारयात्री:
हायड्रोमीटर आणला. एका बॅटरीचे सगळे सेल 1.17 ते 1.18. दुसरीचे तसेच, फक्त एक सेल 1.11. आता 150 की 200?

सल्फर:
अजून तेच?! आधी दोन्ही बॅटऱ्या बाहेरच्या चार्जरने वेगवेगळ्या पूर्ण भरा. मग खिडक्या उघड्या ठेवून, लोड काढून, माहितीपत्रकात दिलेल्या व्होल्टला (12 व्होल्टच्या बॅटरीला साधारण 15.5) इक्वलायझ करा. पाण्याची पातळी आणि तापमान बघत राहा. तरीही तो सेल 0.05 ने मागे राहिला तर ती बॅटरी गेली समजा. मग जोडीच बदला.

लिथियमवाला:
जोडी बदलायचीच आहे तर...

खिळा_हातोडा:
तोवर रात्री फ्रीज बंद ठेवून बघा. पंखे किती वाजेपर्यंत चालतात ते इथे लिहा.