‘जामीन’ म्हणजे माणूस की सुटका? आणि मुलांच्या बाबतीत काय?

एक विचारायचंय. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातापासून (अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव गेला तो) ‘अल्पवयीन आरोपीला जामीन’ हे सारखं कानावर येतं. आमची आई अजून ‘त्याला जामीन कोण राहिलं?’ असं विचारते, म्हणजे तिच्या लेखी जामीन हा माणूस. पेपरात मात्र जामीन मिळतो नाहीतर फेटाळला जातो. बरोबर काय? आणि ते ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणजे कोण?

—

ताई, आईंचा अर्थ जुना आणि मूळचा आहे. अरबी-फारसीतून आला तेव्हा जामीन म्हणजे हमी घेणारा माणूसच. त्यातही हजर करायची हमी घेणारा तो हाजीरजामीन, पैशाची घेणारा मालजामीन आणि चांगल्या वागणुकीची घेणारा फैलजामीन. पुढे सुटकेलाच जामीन म्हणायला लागले, मग माणसासाठी ‘जामीनदार’ वापरात आला.

मुलांच्या बाबतीत मला फैलजामीन सगळ्यात जवळचा वाटतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १२ बघा, १८ वर्षांखालच्या मुलाला जामीनदार असो वा नसो जामिनावर सोडायचं, किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली नाहीतर सांभाळायला योग्य अशा माणसाकडे द्यायचं, आणि गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र हे इथे बघतच नाहीत. नाकारायला कारणं तीनच. सुटला तर गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच बुडेल. तीही लिहून द्यावी लागतात. गुन्हा किती गंभीर हे या तिनात नाही, आणि लोकांचा राग नेमका तिथेच असतो. अजून एक, गरीब घरच्या मुलाला जामिनाच्या अटी ७ दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत तर त्याला परत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे मुलांची प्रकरणं बघणाऱ्या मंडळापुढे आणून अटी बदलायचा विचार करायचा असतो. या तरतुदीबद्दल कोणी बोलत नाही, मला तर ती सगळ्यात माणुसकीची वाटते.

‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं १८ वर्षांखालचं मूल. शब्द जिभेला जड आहे खरा, पण त्यातला ‘ग्रस्त’ बघा, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांतला. मूल कशाच्या तरी तावडीत सापडलंय असं तो शब्द सांगतो, ‘आरोपी’ तसं सांगत नाही.

—

‘अटक’ पण टाळा हं. मुलाला ‘ताब्यात घेतलं’ म्हणायचं, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं आणि लॉकअप किंवा जेलमध्ये ठेवायचं नाही. आपण अजून ‘रिमांड होम’ म्हणतो, कायद्यात ते निरीक्षणगृह आहे.

कल्याणीनगरचंच घ्या. १९ मे २०२४ ला दोन तरुण जीव गेले आणि त्याच दिवशी निबंध लिहायच्या अटीवर जामीन झाला, तेव्हा मीही चिडले होते, त्या आईबापांचं दुःख आठवलं की अजून पोटात तुटतं. पण नंतर काय झालं, जामीन रद्द न करताच मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं. जामीनही आहे आणि बंदही आहे, म्हणजे शब्दाला काही अर्थच उरला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २५ जूनला ते बेकायदेशीर ठरवून मुलाला आत्याच्या ताब्यात द्यायला सांगितलं.

—

म्हणजे आईच्या प्रश्नाला उत्तर आहे, आत्या. रात्री सांगते तिला.