अनुभव: बायबलमधल्या शुभवर्तमानातला तुमचा उतारा कोणता?

नगरी_पोरगा: काल आईचं कपाट आवरलं. तिचं बायबल सापडलं, पुठ्ठा सुटलेला, आत एसटीची तिकिटं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायावर हळदीचं बोट उमटलेलं.

२००९ ला भावाला जामीन ठेवून कर्ज काढलं, बुडवलं आणि दोन वर्षं घरी तोंड दाखवलं नाही. मग एका पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) दारात जाऊन उभा राहिलो. आई नुकतीच पहाटेच्या उपासनेहून आलेली. म्हणाली, "चपला काढ, भाकरी गरम आहे." कुठे होतास, काही नाही. नंतर पाळकांनी हाच अध्याय वाचला. शिष्यांची रात्र रिकाम्या जाळ्यात गेलेली, आणि काठावर येशू कोळशाच्या विस्तवावर मासे भाजतोय. येशूला धरलं त्या रात्री पेत्र या शिष्याने 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून तीनदा नाकारलं तेही कोळशाच्या शेगडीपाशीच. इथे त्याला आधी न्याहारी, प्रश्न नंतर. तेही तीनदाच, "माझ्यावर प्रीती करतोस का?" मी मान खाली घालून बाकाच्या खिळ्याकडे बघत होतो.

तुमचंही लिहा.

पाचूबंदर: आमच्याकडे हा उतारा वाचला की मागच्या बाकावरचे म्हातारे हसतात. रात्रभर जाळं टाकून हाती काही नाही म्हणजे डिझेलसुद्धा अंगावर. आणि वर काठावरचा माणूस सांगणार उजवीकडे टाका! माझ्या बापाने शिव्या घातल्या असत्या. त्यांनी टाकलं हेच मला नवल वाटतं. मग जाळ्यात आलेले १५३ मासे मोजले, हे मात्र शंभर टक्के कोळ्याचं काम.

केडगावची_नात: पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात आली. सोबत कोणी नव्हतं. तिथे छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला शिकली. रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत करत होत्या, आणि ते जुळवणाऱ्या या मुली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे पणजीला उलटं आधी वाचता यायचं, सुलटं नंतर. अख्खं बायबल १९२४ ला निघालं, रमाबाई त्याआधी दोन वर्षं गेलेल्या. पणजीचा उतारा कोणता, विचारायला हवं होतं. राहिलं.

रात्रपाळी: लूक २४, अम्माऊसची वाट. येशू गेल्यावर त्याचे दोन शिष्य अम्माऊस गावाला चाललेत, ते म्हणतात "आम्हाला आशा होती". होती! मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, हे वाक्य मी रोज नातेवाइकांच्या तोंडून ऐकते. येशू बाजूने चालतोय तरी त्यांना ओळखू येत नाही, आणि तो आधी त्यांचंच ऐकून घेतो. मी पण आता बोलत नाही, स्टूल ओढून बसते. बेल वाजली, जाते.

पुरणपोळी: मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? शेजारच्या काकू नाताळला करंज्या द्यायच्या. त्यांच्या सारणात काहीतरी वेगळं असायचं. कुणाला माहीत आहे का?

पाचूबंदर: ओलं खोबरं असेल. टिकत नाही, लगेच खा.

केडगावची_नात: आमच्यात सुकं खोबरं आणि खसखस. भांडण नको 😄

शंकेखोर: सगळ्यांना एवढं छान कसं मिळतं? माझी बायको गेली तेव्हा पाळकांनी पुनरुत्थानावर बोलून घेतलं आणि मला त्यातलं एक अक्षर आत गेलं नाही. अजून उपासनेला जातो, प्रभुभोजन घेतो. मला धरून ठेवणारा एकच, मार्क ९ मधला, आजारी पोराला येशूकडे आणणारा बाप. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा." एका श्वासात दोन्ही. पोरगा बरा झाला त्याचा. माझं तसं काही झालं नाही.

रात्रपाळी: दादा, काही बोलत नाही. इथेच आहे.

शंकेखोर: हो. स्टूल ओढा.

नव्यानं_आलोय: हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियेच्या) यात्रेला यंदा गाडी कुठपर्यंत जाते? आईला चालवत नाही.

नगरी_पोरगा: श्रीरामपूरहून सकाळी लवकर निघा, दुपारी गर्दीत अडकाल. शंकेखोर, तुम्ही नगरकडचे का? असाल तर घरी या. भावाचे पैसे २०१६ ला फिटले. तो दर रविवारी माझ्याकडेच जेवतो, आणि मासे आणायचं काम त्याच्याकडे.